नवमीचं पान

१

नवी साडी आली की आमच्याकडे ती आधी प्रियाला लावायची, मग मी नेसायची.

प्रिया म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. मी या घरात यायच्या आधीच ती डेंग्यूने गेली होती. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी तिच्या नावाचा चांदीचा टाक, अंगठ्याच्या नखाएवढा, माझ्या मंगळसूत्रात ओवला. बिजवराला दिलेल्या बाईने तो गळ्यात घालायचाच असतो. साडी असो, बांगडी असो, काहीही नवं आलं की आधी त्या टाकाला टेकवायचं. स्वयंपाक करताना घाम आला की तो छातीला चिकटायचा आणि मला वाटायचं, आहेच ही, वास घेत बसलीये.

आमचं घर उलव्यातल्या जुन्या गावठाणात. शेतं गेली, त्या पैशातून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, चार मजले चढवले. वर भाडेकरू, खाली आम्ही. स्वयंपाकघर मागच्या बाजूला. ओट्यावर गजांची खिडकी, शेजारी दार, दाराबाहेर लादी घातलेलं जरासं अंगण, मग कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे चिखल आणि खाडीपर्यंत तिवरांचं रान. एका अंगाने भराव टाकून टॉवर उठले होते, दुसऱ्या अंगाने विमानतळ. मधल्या चिंचोळ्या रानात काय काय कोंडलं गेलं होतं देव जाणे. दिवेलागणीला तिथून कोल्हे ओरडायचे आणि टॉवरमधले लोक व्हॉट्सॲपवर एकमेकांना विचारायचे, बिबट्या आहे का?

मितेश, म्हणजे माझा नवरा, माणूस वाईट नाही. विटा-रेतीचा सप्लाय करायचा, दारू पीत नव्हता, कधी हात उगारला नाही. पण माझ्यासाठी त्याने कधी काही स्वतः निवडलं नाही. दुकानात गेलो की म्हणायचा, "तुला हवं ते घे." बायका म्हणायच्या, नशीब काढलंस. मला ठाऊक होतं, ज्याला काही फरक पडत नाही तोच असं म्हणतो.

आणि भाद्रपदात तो वाशीला एकटा जाऊन एक साडी घेऊन आला. जांभळी, मोरपंखी काठांची. पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान मांडतात, तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालतात आणि तिला साडी देतात. दर वर्षी शेजारच्या सुमित्राबाई बसायच्या. साडी त्यांना जायची, पण घेतलेली असायची प्रियासाठी.

"सगळी दुकानं पालथी घातली," मितेश म्हणाला. "तिला जांभळाच लागायचा ना."

मी साडीवरून हात फिरवला. सासूबाई पाटावरूनच म्हणाल्या, "हात नको लावूस. सुमित्राची हाय ती."

"बघते फक्त."

"बगू पन नको. आनि ध्यानात ठेव, घरच्या सवाष्नीनं नवमीच्या पाटावर नाय बसायचा."

"का?"

"नाय बसायचा म्हंजे नाय बसायचा."

२

नवमीला सासूबाई नेमक्या उरणला भावाकडे गेल्या, तिथेही वहिनीचं पान होतं. मितेश साइटवर. मी सकाळपासून राबले. तांदळाचे वडे, अळू, खीर आणि प्रियाला आवडायचा म्हणून जवळा. जिला कधी पाहिलं नाही तिच्या जिभेचे चोचले मला पाठ होते.

दुपारी सुमित्राबाईंचा फोन आला. सुनेला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं होतं, त्यांना येणं जमणार नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर मैत्री नावाची भाडेकरू होती, परभणीकडची, नवरा-बायको दोघं नोकरीवाले. पण ते बौद्ध, त्यांच्याकडे हे काही मानत नाहीत. तिला बसवायचं म्हणजे तिलाच अवघडल्यासारखं.

मी पान भिंतीवर ठेवलं. केबलच्या वायरवर कावळे बसले होते. त्यांनी पानाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि एकही खाली उतरला नाही. ऊन डोक्यावर आलं. आत सवाष्णीचं ताट वाढलेलं, पाट मांडलेला, पाटावर घडी घातलेली ती जांभळी साडी.

मला एकदम संताप आला. सवाष्णच हवी ना? मग मी कोण? याच घरातली, याच माणसाची, कुंकू लावलेली, जिवंत. वर्षातून एक दिवस ज्या बाईचे एवढे लाड होतात, त्या बाईच्या जागी बसायचा कोणाला हक्क असेल तर तो मला.

मी साडी नेसले. टाकाला लावायची विसरले असं नाही. लावली नाही. पाटावर बसले आणि प्रियाच्या नावाचं ताट जेवले. जवळा छान झाला होता. शेवटचा घास तोंडात असताना बाहेर लादीवर नखांचा आवाज झाला.

भिंतीवर कोल्हा होता. भर उन्हात. तो पानावरचं खात होता, पण जनावर खातं तसा नाही, वचवच न करता. त्याने पानावरची हिरवी मिरची उचलली, जराशी बाजूला कडेला ठेवली आणि मग जवळ्याला तोंड लावलं. मी स्वतःला म्हटलं, कोल्हा मिरची कशाला खाईल? यात नवल ते काय?

खाऊन झाल्यावर त्याने मान वर करून गजांतून आत पाहिलं. अन्नाकडे नाही, माझ्या तोंडाकडेही नाही. साडीकडे. काठापासून पदरापर्यंत, दुकानात बायका बघतात तसं. मग तो भिंतीपलीकडे उतरला आणि वायरवरचे कावळे एकदम उडाले.

३

संध्याकाळी मितेश आला तेव्हा मी साडी बदलून कपाटात तळाशी दडवली होती. सुमित्राबाई जेवून साडी घेऊन गेल्या, असं मी ठोकून दिलं. तो मागे हात धुवायला गेला आणि भिंतीपाशी थबकला. रिकाम्या पानाच्या कडेला ती मिरची तशीच होती.

"हे कोणी खाल्लं?"

"कोल्ह्याने. कावळा आलाच नाही."

तो बराच वेळ मिरचीकडे बघत राहिला. "प्रिया अशीच काढून ठेवायची," तो म्हणाला. "टाकायची नाही. ठेवायची."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कोल्हा परत आला. मादी होती. मितेशने माशाची डोकी थाळीत घेतली आणि भिंतीवर ठेवली.

"अहो, फॉरेस्टवाल्यांनी बांधावर बोर्ड लावलाय, खायला घालू नका म्हणून."

"काय टेन्शन घेतेस? आबा बांधावर मासे साफ करायचे, तेव्हा डोकी तिवरातच टाकायचे. कोल्हे तिकडे, आपण इकडे. भिंत तर आता आली."

"तेव्हा ते अंगणात येत नव्हते. बाहेरच्यांना रोज रोज सवय लावू नका."

"रोज कुठे? एखाद दिवस."

रोजच झालं. कामावरून आला की तो आधी मागे जायचा. थाळीतल्या डोक्यांमधून बोटाने चाळून सगळ्यात मोठं निवडायचा, तिच्यापुढे ठेवायचा आणि उकिडवा बसून काहीतरी बोलत राहायचा. मी खिडकीत कमरेवर हात ठेवून उभी राहायचे. शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचा. त्या सुरात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा नाही.

कोल्हीचा हेवा करणारी बाई. कोणाला सांगितलं असतं तर हसलं असतं. मलाही हसू यायचं, आणि मग ती खाताखाता थांबून माझ्याकडे बघायची आणि माझं हसू जायचं. तिला मी घाबरत नव्हते. मी जळत होते. कपाळापासून तळपायापर्यंत.

४

सुमित्राबाईंकडून सासूबाईंना कळायचं ते कळलंच. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील.

"साडी नेसलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिचं जेवलीस?"

"हो. काय होतंय त्याने?"

त्या उठून देवघरापुढे जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे चहा मागणं बंद केलं. मी खोलीत शिरले की डोळे बारीक करून विचारायच्या, "कोन हाय?" मोतीबिंदू आहे, मी स्वतःला समजावलं. पण मितेशची पावलं त्यांना गेटपासून ओळखू यायची.

गल्लीतला तांबडा कुत्रा इतकी वर्षं माझ्या हातची पोळी खायचा. तो मला बघून पाठीवरचे केस उभे करून मागे मागे सरायला लागला. मी पोळी टाकली, त्याने हुंगलीही नाही. मलाही जेवण गोड लागेना. भात तोंडात फिरायचा. कच्च्या माशाला मीठ-हळद लावताना मात्र तोंडाला पाणी सुटायचं, इतकं की एकदा मी ओट्यापासून लांब जाऊन उभी राहिले.

मग एके संध्याकाळी जिन्यात मैत्री भेटली.

"वहिनी, दुपारचा जवळा लई भारी झाला होता. वर्क फ्रॉम होम होतं, डबाच केला नव्हता मी. तुम्ही देवासारख्या आलात."

"कधीचा जवळा?"

"आजचाच की. तुम्हीच नाही का आणून दिला? ती जांभळी साडी कसली मस्त दिसते तुम्हाला."

त्या दुपारी मी वाशीला मार्केटमध्ये मसाल्याच्या मिरच्या घेत होते. पिशवी अजून माझ्या हातात होती.

"मी काही बोलले का?" माझा आवाज मला बारीक वाटला.

"मिरची कमी घातलीय म्हणालात. म्हणालात, मला नाही चालत." मैत्री हसली. मग माझ्या हातातल्या मिरच्यांच्या पिशवीकडे बघून तिचं हसू जरा अडखळलं. "का हो वहिनी, बरं नाही का?"

मी कपाट उघडलं. साडी तळाशी नव्हती. वरच्या कप्प्यात होती, माझ्या साड्यांच्या वर, मी कधी घालत नाही अशा घडीत. काठ ओलसर होते आणि त्यांना खाडीचा काळा चिखल लागला होता.

मी पलंगावर बसले आणि नीट विचार केला. घरात मी नसताना कोणीतरी बाई येते. माझ्या कपाटातली साडी नेसते, माझ्या ओट्यावर रांधते. मैत्रीला चष्मा आहे आणि जिन्यात अंधार असतो. सासूबाईंना माहीत आहे, म्हणून त्या मला टाळतात. मितेशने बाई ठेवलीये. दुसरं काय असणार?

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मेलेल्या सवतीला झिंज्या नसतात. जिवंत असेल तर धरून रस्त्यावर काढता येते.

५

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी मोठ्याने सांगितलं, "वाशीला जातेय, परत यायला उशीर होईल." सासूबाईंनी मान वर केली नाही. गेटसमोर रिक्षात बसले, नाक्यावर उतरले आणि भरावाच्या कडेने मागच्या बांधावर आले.

त्या बाजूने मी कधी आले नव्हते. बांध पुढे तुटला होता, डंपरने टाकलेला राडारोडा आणि त्याखालून झिरपणारं पाणी. चिखलात उतरावं लागलं. आधी एक चप्पल गेली, मग दुसरी. तिवरांच्या मुळांची टोकं चिखलातून वर आली होती, त्यांच्यामधून बारके खेकडे पळत होते. पाय कुठे टाकायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी माझा पाय एकदाही मुळावर पडला नाही. डोक्यावरून विमान गेलं, इतकं खालून की पानं थरथरली. नेहमी मी कान झाकायचे. आता नुसती अंग चोरून जागच्या जागी थांबले आणि ते गेल्यावर पुढे सरकले.

आमची भिंत समोर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी भिंतीला लागून, तिवराच्या आडोशाला दबून बसले. भिंतीच्या वरची कड मला नेहमीपेक्षा उंच वाटली. भराव खचलाय, मी म्हटलं, जमीन खाली गेली असणार. पण थोडं पुढे भिंतीचे दोन ब्लॉक पडलेले होते, तिथून आमची खिडकी सरळ दिसत होती.

ती अजून आली नव्हती. म्हणजे कोल्ही. या वेळेला ती इथेच असायची, मी बसले होते बरोबर त्याच जागी. चिखल तिथे बसून बसून गुळगुळीत झाला होता. अजून कोमट होता.

स्वयंपाकघरात दिवा लागला आणि जवळ्याचा वास आला. मला इतकी भूक लागली की डोळ्यांपुढे काजवे आले.

६

ओट्यापाशी ती पाठमोरी उभी होती. जांभळी साडी, अंबाडा, अंबाड्यात अबोलीचा गजरा. सासूबाई खाली पाटावर लसूण सोलत बसल्या होत्या आणि हसत होत्या. मी त्यांना तशा हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी काहीतरी विचारलं, तिने मान न वळवता उत्तर दिलं. आवाज माझा होता.

मोबाइलवर आपला आवाज ऐकला की परका वाटतो, तसा. पण माझाच.

मितेश आत आला. आज तो आधी मागे आला नाही. त्याने तिच्या खांद्यावरून कढईत डोकावून पाहिलं, आणि तिने त्याच्या हातावर हलकेच चमचा मारला. तो तसाच तिथे उभा राहिला, लांब न जाता. मग ती खिडकीकडे वळली. दिवा मागे होता, तोंडावर सावली. मला फक्त गळा दिसला. मंगळसूत्र होतं. माझंच, मधल्या वाट्या ओळखीच्या. त्यात टाक नव्हता.

नसणारच. पहिल्या बायकोच्या गळ्यात टाक कशाला असेल?

मी गळ्याला हात लावायला गेले, पण माझे दोन्ही हात चिखलात होते. मी केव्हापासून त्यांच्यावर भार टाकून बसले होते, मला आठवेना. गळ्यापाशी काहीतरी गार, बारीक, दोऱ्यावर हलत होतं एवढं कळत होतं.

ओरडायचं. नाव घेऊन ओरडायचं, सगळी गल्ली गोळा करायची, हे मी रात्रभर घोकलं होतं. मी तोंड वर केलं आणि त्याला हाक मारली, अहो म्हणून, जीव खाऊन.

माझ्या मागे, पार खाडीपर्यंतच्या तिवरांतून, हाकेला ओ आली. आधी एक, मग कितीतरी.

आत सासूबाई म्हणाल्या, "आली बग. ओरडली."

मितेश थाळी घेऊन मागच्या दाराने बाहेर आला. भिंतीपाशी वाकला. त्याने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, इतक्या जवळून की मला त्याच्या अंगाचा सिमेंटचा वास आला. मी हललेही नाही. बघ ना, मी म्हणत होते, नीट बघ, मी आहे. त्याने जिभेने च्यक च्यक केलं.

"अहो," आतून ती म्हणाली, "बाहेरच्यांना रोज रोज सवय लावू नका."

"असू दे गं," तो म्हणाला. "एखाद दिवस."

तो उकिडवा बसला. थाळीतल्या डोक्यांमधून बोटाने चाळायला लागला. एक उचललं, दिव्याच्या उजेडात धरून पाहिलं, ठेवून दिलं. दुसरं उचललं, तेही ठेवलं. मग तळातून सगळ्यात मोठं, गालाशी मांस असलेलं, शोधून काढलं आणि पडलेल्या ब्लॉकवर माझ्यापुढे ठेवलं.

"घे," तो म्हणाला. त्या सुरात.

इतक्या वर्षांत त्याने माझ्यासाठी स्वतः निवडलेली ती पहिली गोष्ट होती.

मी वर पाहिलं. गजांच्या आत ती उभी होती, ओठ मिटून, कमरेवर हात ठेवून. तिची नजर त्याच्या पाठीवर होती आणि मग माझ्यावर आली. ती नजर मला चांगली ठाऊक होती.

मी घाई केली नाही. त्याच्या हाताजवळ, तिच्या समोर, सावकाश खात राहिले. बघू दे तिला.